मिरजेतलं कॅलिपरचं दुकान: पायऱ्या तीन, माप चोख

डाव्या पायाला पोलिओ, वय ४३, हे सहावं कॅलिपर, म्हणजे पायाला आधार द्यायला बांधायचा सांगाडा. गेल्या उन्हाळ्यात मिरजेत हॉस्पिटलांच्या गल्लीतल्या एका छोट्या दुकानातून मांडीपासून तळपायापर्यंतचं प्लॅस्टिकचं करून घेतलं. ११,५०० रुपये, निम्मे आगाऊ.

तक्रारी आधी सांगते. दारात तीन पायऱ्या आणि धरायला कठडा नाही. कॅलिपरच्या दुकानाला! वायदा आठ दिवसांचा, हातात आलं बाविसाव्या दिवशी. वेल्क्रो चार महिन्यांत सैल पडलं, ते फुकट बदलून दिलं. उन्हात आत घाम साचतो, लांब सुती मोजा हवाच.

पण माप! प्लास्टर गुंडाळायच्या आधी कारागीर काकांनी मोज्यावर, गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना जांभळ्या पेन्सिलीनं खुणा केल्या. त्या साच्यात आतून उमटतात. कॅलिपरचा सांधा आपल्या गुडघ्याच्या बरोब्बर समोर आला पाहिजे, नाहीतर बसता-उठता कातडी सोलते.

हे मला नवव्या वर्षापासून ठाऊक आहे. तेव्हा केलेलं लोखंडी कॅलिपर मी चौदाव्यापर्यंत वापरलं. पाय वाढला, पट्ट्या तेवढ्याच. सांधा खाली पोटरीकडे गेला आणि तिथं कायमची जखम. पट्ट्या बदलायला तीनशे रुपये लागणार होते. आण्णा, माझे वडील, दुकानदाराला म्हणाले, "पोरीला कुठं पळायचंय?" त्याच दिवाळीत दारात राजदूत मोटरसायकल आली.

शिबिरात मला तीनचाकी सायकल मिळाली होती, हातानं चालवायची, अपंगांसाठी साधनं बनवणाऱ्या कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीची. पाहुण्यांच्या हस्ते हार, फोटो, आण्णा माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे. पंधरा दिवसांत तिच्यावर दुधाचे कॅन डेअरीला जायला लागले. मी शाळेला कॅलिपर काढून, मांडीवर हात दाबत जायची. आईनं एकदा विचारलं तर आण्णा दोन दिवस जेवले नाहीत. मग आईच त्यांची समजूत काढत बसली. घरात रुसायचा हक्कही त्यांचाच.

म्हणून या दुकानातली एक गोष्ट पैशात मोजता येत नाही. ट्रायलच्या वेळी काकांनी विचारलं, "ताई, कुठं रुततंय?" मी सवयीनं शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे बघितलं. लहानपणी या प्रश्नाचं उत्तर आण्णा द्यायचे: "कुठं नाही, झकास बसलंय." काका थांबून राहिले, नवऱ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. मग मी सांगितलं, जांघेत. त्यांनी कड तापवून बाहेर वळवली, पुन्हा चालवलं, पुन्हा विचारलं. असं चारदा.

आता आण्णांचे गुडघे गेलेत. मागच्या महिन्यात फोन आला, "तुझ्या त्या दुकानातनं पट्टा आण, चांगल्यातला आण." आणला, ४५० रुपयांचा. सैल होतो म्हणून त्यांची कुरकुर चालू आहे. मी मोजायला टेप घेऊन गेले होते, तर त्यांनी पाय पुढे करायचा कंटाळा केला. तो दोष दुकानाचा धरू नये.

जायचं असेल तर सकाळी अकराच्या आत जा, दुपारी काका वर्कशॉपला असतात. जुनं कॅलिपर आणि रोजचा बूट बरोबर न्या. पायऱ्यांपाशी हाक मारली की पोरगा येतो हात द्यायला.