पडद्यावरचे कलासंग्रहालय: शालेय कार्यक्रमांविषयी एका कलाशिक्षिकेचे परीक्षण

गेल्या दोन वर्षांत मी पाचवी ते नववीच्या वर्गांसाठी कलासंग्रहालयांचे निरनिराळे आभासी कार्यक्रम वापरून पाहिले. त्यांत स्वतःच फिरायच्या सफरी होत्या, संग्रहालयातील शिक्षकांनी घेतलेली थेट सत्रे होती आणि केवळ उच्च दर्जाच्या छायाचित्रांवर मी स्वतः बेतलेल्या तासिकाही होत्या. माझे मत आधीच सांगते. मुलांना मोकळे सोडून दालनांतून हिंडवणारी सफर दिसायला सर्वांत आकर्षक असते, पण तिच्यातून हाती सर्वांत कमी लागते. याउलट ज्या थेट सत्रात दोन-तीनच चित्रे घेतलेली असतात आणि प्रश्न विचारणारा, उत्तर ऐकून घेणारा माणूस पलीकडे असतो, ते सत्र प्रत्यक्ष सहलीची बरोबरी करते आणि काही बाबतींत तिच्यापुढेही जाते.

मोकळ्या सफरींची ओळख बहुतेकांना गूगल आर्ट्स अँड कल्चरमुळे झाली. हा उपक्रम २०११ साली गूगल आर्ट प्रोजेक्ट या नावाने सतरा संग्रहालयांसह सुरू झाला. रस्त्यांची छायाचित्रे टिपण्यासाठी वापरले जाणारे तंत्र त्यात संग्रहालयांच्या दालनांत आणले गेले, त्यामुळे बाण दाबत एका दालनातून दुसऱ्या दालनात जाता येते. कल्पना सुंदर आहे आणि मोठ्या माणसाला तिचा उपयोगही होतो. कोणते चित्र कोणत्या चित्राशेजारी टांगले आहे आणि दालनात उजेड कुठून येतो, हे त्यातून कळते. वर्गात मात्र मला वेगळाच अनुभव आला. मुलांना चित्रांपेक्षा पुढे सरकण्यातच रस वाटू लागला, कोण आधी शेवटच्या दालनात पोहोचतो अशी चढाओढ लागली आणि वीस मिनिटांनंतर ‘काय पाहिले?’ या प्रश्नाला ‘खूप मोठी इमारत’ असे उत्तर मिळाले. हा दोष मुलांचा नव्हे. दालनात प्रत्यक्ष उभे असताना पाय दुखतात, कोणीतरी समोर येते, रक्षक टोकतो, आणि या सगळ्यामुळे माणूस आपोआप थांबतो. पडद्यावर थांबवणारे काहीच नसते.

अशा सफरींत काही चौकटी मुद्दाम धूसर केलेल्या दिसतात, कारण ती चित्रे अजून स्वामित्वहक्काखाली आहेत आणि दाखवण्याची परवानगी मिळालेली नाही. मुलांनी त्याविषयी विचारले तेव्हा मी पाठ बाजूला ठेवून दहा मिनिटे त्यावर बोलले. चित्रकार गेल्यावर चित्र कोणाचे होते, भिंतीवर टांगण्याचा हक्क आणि छायाचित्र प्रसिद्ध करण्याचा हक्क वेगळे कसे असतात, हे प्रश्न आठवीतल्या मुलांना अजिबात जड गेले नाहीत.

उच्च दर्जाच्या छायाचित्रांविषयी मात्र मला मोकळ्या मनाने कौतुक करायचे आहे. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने डच चित्रकार रेम्ब्रांटच्या १६४२ सालच्या ‘नाइट वॉच’ या चित्राचे जे छायाचित्र २०२२ मध्ये खुले केले, ते ८,४३९ स्वतंत्र छायाचित्रे जोडून बनवलेले आहे आणि त्यात ७१७ अब्ज बिंदू (पिक्सेल) आहेत. ही संख्या मुलांना सांगून काही उपयोग होत नाही, पण सोनेरी पोशाखातल्या लहान मुलीच्या कमरेला टांगलेली कोंबडी त्यांनी स्वतः शोधली की संख्येचे काम होते. माझ्या वर्गात ती कोंबडी एका अत्यंत अबोल मुलाला सापडली. त्यानंतर पाऊण तास सगळा वर्ग त्या एकाच चित्रात होता. मागच्या गर्दीतून डोकावणारा एक डोळा चित्रकाराचा स्वतःचा असावा असे अभ्यासक मानतात, हे मी सांगण्याआधीच मुलांनी तो डोळा हेरला होता. १७१५ साली हे चित्र ॲमस्टरडॅमच्या नगरभवनातील भिंतीवर मावावे म्हणून चारही बाजूंनी कापले गेले, हे ऐकल्यावर मुले अक्षरशः संतापली. प्रत्यक्ष संग्रहालयात एवढ्या मोठ्या चित्राच्या वरच्या भागातला भाल्याचा फाळ कोणत्याही मुलाला इतक्या जवळून पाहता आला नसता.

याच कारणासाठी सोळाव्या शतकातील चित्रकार ब्रॉयगेलचे ‘मुलांचे खेळ’ हे १५६० सालचे चित्र मी प्रत्येक वर्गाला दाखवते. मूळ चित्र व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये आहे. त्यात दोनशेहून अधिक आकृत्या आणि ऐंशीच्या आसपास खेळ आहेत. चाक पळवणे, उंच काठ्यांवर चालणे, आंधळी कोशिंबीर, पाठीवरून उड्या मारणे, असे खेळ मुले ओळखत जातात आणि जे ओळखता येत नाहीत त्यांचे नियम स्वतः बनवतात. सहावीच्या मुलांनी अशा तीन खेळांचे नियम लिहून काढले आणि मधल्या सुटीत ते खेळूनही पाहिले. कोणत्याही कंपनीच्या तयार कार्यपत्रिकेने माझ्या वर्गात एवढे काम केलेले नाही. कार्यपत्रिकांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते, रंग भरा, जोड्या लावा, गुण मिळवा आणि बिल्ला जिंका या पद्धतीचे जे साहित्य अनेक कार्यक्रमांसोबत येते, ते खुशाल बाजूला ठेवावे.

आता थेट सत्रांकडे वळते, कारण निवड सर्वांत जपून करावी लागते ती इथेच. चांगल्या सत्रांत संग्रहालयातील शिक्षक बहुधा तीन साध्या प्रश्नांवर सगळा डोलारा उभा करतात. या चित्रात काय चालले आहे? तुला असे वाटण्यासारखे चित्रात काय दिसते? आणि आणखी काय सापडते? मानसशास्त्रज्ञ ॲबिगेल हाउसन आणि न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये शिक्षण विभाग सांभाळलेले फिलिप येनावाइन यांनी विकसित केलेली ही पद्धत ‘व्हिज्युअल थिंकिंग स्ट्रॅटेजीज’ या नावाने ओळखली जाते. तिचे खरे बळ दुसऱ्या प्रश्नात आहे. ‘ती बाई दुःखी आहे’ असे म्हणून मूल सुटू शकत नाही, त्याला पुन्हा चित्राकडे जावे लागते आणि खांद्याची ढब, हातांची जागा, खिडकीकडे फिरवलेली पाठ असे काहीतरी दाखवावे लागते. शिक्षक ते उत्तर बरोबर की चूक हे सांगत नाहीत. ते फक्त मुलाचे म्हणणे नेमक्या शब्दांत परत मांडतात. माझ्या सातवीच्या वर्गाने पन्नास मिनिटांत तीन चित्रे पाहिली आणि तासाची घंटा वाजल्यावरही कोणी उठले नाही.

दुसऱ्या एका मोठ्या संग्रहालयाचे सत्र मात्र मला फार निराश करून गेले. चाळीस मिनिटांत तीस चित्रफलक, प्रत्येकावर साल, शैली आणि चित्रकाराचे चरित्र, शेवटची पाच मिनिटे प्रश्नांसाठी, आणि त्या पाच मिनिटांत आवाज तुटू लागला. वक्त्या विद्वान होत्या यात शंका नाही, पण तेच व्याख्यान ध्वनिमुद्रित करून पाठवले असते तरी काही बिघडले नसते. म्हणून आता नोंदणी करण्यापूर्वी मी एकच प्रश्न विचारते: सत्रात किती चित्रे घेणार आहात? उत्तर पाचापेक्षा मोठे असेल तर मी पुढे जात नाही.

जे कोणत्याही एका संग्रहालयात पाहणे शक्य नाही ते पडद्यावर शक्य होते, हा या माध्यमाचा सर्वांत मोठा गुण आहे आणि त्याचा पुरेसा वापर होत नाही याची मला खंत वाटते. चित्रकार व्हॅन गॉगने फ्रान्समधील आर्ल येथील आपल्या खोलीचे चित्र तीन वेळा काढले. १८८८ सालचे पहिले ॲमस्टरडॅमला आहे, तर १८८९ सालची पुढची दोन शिकागो आणि पॅरिस येथे आहेत. २०१६ साली शिकागोच्या प्रदर्शनात ती तिन्ही एकत्र आली होती. एरवी त्यांच्यामध्ये समुद्र आहे. वर्गात ती शेजारी-शेजारी लावली की मुले क्षणात कामाला लागतात. पलंगावरच्या भिंतीतल्या तसबिरी बदलल्या आहेत, जमिनीचा रंग निराळा आहे, आणि पॅरिसचे चित्र बाकी दोघांपेक्षा लहान आहे. ही शेवटची गोष्ट मात्र मुलांना सांगावी लागते. भिंती मुळात फिकट जांभळ्या होत्या आणि तांबडा रंग उडाल्यामुळे आज त्या निळ्या दिसतात, हे कळल्यावर एका मुलीने विचारले की मग आपण पाहतो ते चित्र नक्की कोणाचे. रंगद्रव्यांचे रसायनशास्त्र शिकवण्याची याहून चांगली संधी विज्ञानाच्या शिक्षकांनाही क्वचितच मिळत असेल.

आकाराचा प्रश्न मात्र गंभीर आहे आणि मी पाहिलेल्या कार्यक्रमांपैकी एकानेही तो नीट हाताळला नाही. पडद्यावर सगळी चित्रे एकाच मापाची होतात. वितळणाऱ्या घड्याळांचे दालीचे प्रसिद्ध चित्र जेमतेम २४ सेंटिमीटर उंच आणि ३३ सेंटिमीटर रुंद, म्हणजे साधारण उघडून ठेवलेल्या वहीएवढे आहे. पिकासोचे ‘गेर्निका’ साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद आहे. दोन्ही चित्रे लागोपाठ एकाच चौकटीत दाखवणे म्हणजे मुलांना चुकीचे शिकवणे होय. मी सत्रापूर्वी मैदानावर खडूने ‘गेर्निका’चा आयत आखते आणि सगळ्या वर्गाला त्यात उभे करते. वर्ग त्यात मावतो, जागाही उरते. मग वर्गात येऊन पडद्याकडे पाहताना मुले आपसूक म्हणतात की हे खरे एवढे नाही. मोजपट्टी आणि खडू यांपलीकडे या उपायाला काहीच लागत नाही, तरीही शिक्षकांना आगाऊ पाठवल्या जाणाऱ्या सूचनांत तो कुठेही आढळत नाही.

काही व्यावहारिक गोष्टी थोडक्यात सांगते. वेळा संग्रहालयाच्या घड्याळाप्रमाणे ठरतात, त्यामुळे दूरच्या देशातील संग्रहालय निवडताना आधी तास जुळतो का ते पाहावे. सत्राचे ध्वनिचित्रमुद्रण होणार असेल तर पालकांची संमती वेळेवर घ्यावी. एका वेळी एकच वर्ग बसवावा. सभागृहात दीडशे मुले बसवून केलेल्या सत्रात फक्त पुढच्या दोन रांगा बोलतात. कमी दिसणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याला स्वतंत्र टॅब्लेट दिला तेव्हा त्याने चित्राचा हवा तो तुकडा हवा तेवढा मोठा करून पाहिला आणि इतरांच्या नजरेतून सुटलेले दोन तपशील सांगितले. ही सोय आता मी प्रत्येक सत्रात आग्रहाने मागते.

भाषेचा अडसर मला सुरुवातीला फार मोठा वाटला होता. सत्र मुलांच्या घरच्या भाषेत नसेल तर एरवी बोलकी मुलेही गप्प होतात, आणि त्यांना काही सुचत नाही असा पलीकडच्या शिक्षकांचा गैरसमज होतो. शेवटच्या सत्राआधी मी संग्रहालयाच्या शिक्षिकेशी बोलून घेतले. मुले आपल्या भाषेत बोलतील आणि मी मध्ये बसून सांगेन, असे ठरले. वेळ दुप्पट लागला, म्हणून त्यांनी तीनऐवजी दोनच चित्रे घेतली. आमच्या वर्गाला तेवढी पुरली. पुढच्या सत्रासाठी त्याच शिक्षिकेकडे आणि त्याच अटीवर मी नोंदणी केली आहे. चित्रांची मापे आठवडाभर आधी कळवावीत, एवढी एक मागणी मात्र या वेळी जोडली आहे.