ऑटो लेव्हल मशीन: उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतर

पंचवीस हजारांच्या आतलं, 24 पट मोठं दाखवणारं ऑटो लेव्हल फेब्रुवारीत घेतलं. ऑटो लेव्हल म्हणजे दोन जागांच्या उंचीतला फरक काढायची दुर्बीण: समोर उभ्या धरलेल्या मापाच्या पट्टीवरचा (स्टाफ) आकडा तिच्यातून वाचायचा, तेच रीडिंग. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या किमतीतल्या मशीनचा आतला कारभार बहुतेक सारखाच असतो. तेव्हापासून ते कराडजवळच्या एका शेडच्या कामावर आहे. फूटिंग, जोतं, आतलं फ्लोअरिंग झालं, आता ड्रेनेज लाईन चालू आहे.

मशीनवर मी खूश आहे. गोल बबल मध्ये आणला की पुढचं काम कॉम्पेन्सेटर करतो. आत बारीक तारांवर टांगलेलं प्रिझम झुलून नजरेची रेषा आडवी धरतं. जुन्या डम्पीवर (कॉम्पेन्सेटर नसलेली लेव्हल) दर रीडिंगला बबल बघावा लागायचा, ती कटकट संपली. फक्त शेजारी रोलर चालू असेल तर चित्र थरथरतं, तेवढा वेळ रोलर थांबवायचा.

कागदावरची अचूकता म्हणजे 1 किलोमीटर जाऊन-येऊन लेव्हलिंगला 2 मिलिमीटर. पण खोक्यातून काढलेलं मशीन बरोबरच असेल असं धरू नका. आमचं टेम्पोतून आलं, म्हणून आधी टू पेग टेस्ट घेतली, म्हणजे दोन खुंट्या ठोकून नजरेची रेषा खरंच आडवी आहे का ते बघितलं. 60 मीटरवर दोन खुंट्या, मशीन बरोबर मधोमध: रीडिंग 1.432 आणि 1.207 मीटर, फरक 0.225. मग मशीन पहिल्या खुंटीला चिकटून लावलं: 1.518 आणि 1.297, फरक 0.221. म्हणजे 60 मीटरला 4 मिलिमीटर नजर वर जात होती. डीलर म्हणाला, “साहेब, एवढं चालतंच.” दुरुस्ती करून घेतली, आणि तेव्हापासून महिन्याला एकदा ही टेस्ट घेतो. मधोमध उभं राहिलं की ही चूक दोन्ही बाजूंना सारखी येऊन कटून जाते, म्हणून बॅकसाईट (मागच्या, उंची माहीत असलेल्या जागेवरचं रीडिंग) आणि फोरसाईटचं (पुढच्या जागेवरचं) अंतर पावलांनी मोजून सारखं ठेवायचं. एवढी एक सवय महागड्या मशीनपेक्षा जास्त कामाची आहे.

खरे मिलिमीटर जातात ते स्टाफमध्ये. सोबत फुकट मिळालेला 5 मीटरचा ॲल्युमिनियमचा टेलिस्कोपिक स्टाफ पावसाळ्याआधीच खिळखिळा झाला. दुसऱ्या जोडाचं बटण बाहेर आलेलं दिसायचं, पण वरचा भाग हाताने दाबला की दीड-दोन मिलिमीटर खाली बसायचा. खालच्या भागावर घेतलेलं रीडिंग बरोबर, वरच्या भागावरचं चुकीचं! जोडावर स्टील टेप धरून बघितल्याशिवाय हे कळत नाही. स्टाफ धरणारा पोरगा मोबाईलमध्ये असेल तर वेगळंच: 3 मीटरच्या रीडिंगला स्टाफ 3 अंश कलला तर 4 मिलिमीटर जादा येतात. मागे गोल बबल लावून घ्या, नाहीतर स्टाफ पुढे-मागे हळू झुलवायला सांगून सर्वांत कमी रीडिंग लिहा. स्टाफच्या बुडाला चिकटलेला चिखल पुसायलाही सांगावं लागतं, दर वेळी.

एप्रिल-मेमध्ये दुपारी रीडिंग घेऊच नका. तापलेल्या मुरमावर आकडे पाण्यासारखे हलतात. सकाळी दहाच्या आत टीबीएमपासून (साइटवरची, उंची ठरवलेली पक्की खूण) सुरुवात करून परत टीबीएमवरच येऊन, उंची जुळते का बघून बंद करायचं. असं बंद न केलेल्या लेव्हलबुकला (रीडिंगची वही) मी कच्चा कागद समजतो.

मालकाच्या ओळखीतले एक जण जीपीएस रोव्हर (उपग्रहांवरून जागा आणि उंची सांगणारं यंत्र) घेऊन आले होते, म्हणाले लेव्हल कशाला हवी. रोव्हर उंची मोजतो ती पृथ्वीच्या गणिती आकारापासून, आणि आपल्याकडे ती समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा साठेक मीटरने वेगळी पडते. जिऑइड मॉडेलने (कुठे किती फरक पडतो ते सांगणारं गणित) तो फरक काढता येतो, पण उभ्या मापात दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे होतंच. मुरूम भरायला चालेल, फ्लोअरिंगला नाही. आमचा गवंडी लेव्हल काढायला अजून पाणी भरलेली पाईप वापरतो. आत हवेचा बुडबुडा नसेल तर एका खोलीपुरती तीही चोख काम करते, मी त्याला कधी अडवत नाही.

मशीन घेणाऱ्यांनी फुकटचा स्टाफ दुकानातच ठेवून त्याऐवजी चांगला स्टाफ आणि जड ट्रायपॉड मागावा. हजार-दोन हजार जादा जातील. पावसात लेन्सच्या आत वाफ धरली तर उन्हात ठेवू नका, पेटी उघडी ठेवून खोलीत रात्रभर वाळू द्या. पेटीतली सिलिका जेलची पुडी मी दर महिन्याला बदलतो.