घर घेण्याआधीचे दोन शनिवार : शालिमारजवळच्या एका घर-सल्ला केंद्राचा अनुभव

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सीएनसी मशिनवर मी गेली १४ वर्षं काम करतोय. राहायला सिडकोत, भाड्याने. भाडं साडेआठ हजार. माझा पगार हातात येतो ३४ हजार, बायको डबे करते त्याचे १२ हजार सुटतात. पै-पै करून जमवलेले आणि पीएफमधून निघतील ते धरून ८ लाख होते.

पाथर्डी फाट्याला नव्या इमारतीत टू बीएचके पाहिला, ३८ लाखांचा. एजंट म्हणाला, "३२ लाखांचं कर्ज मी करून देतो. वर पंतप्रधान आवासची सबसिडी मिळेल. फक्त बुकिंगचे ५ लाख या आठवड्यात भरा, सिंहस्थ जवळ आलाय, दर चढणार." बायकोने हॉलमध्ये कपाट कुठे ठेवायचं ते ठरवूनही टाकलं होतं. तेवढ्यात शिफ्टमधल्या एका जोडीदाराने अडवलं. म्हणाला, चेक द्यायच्या आधी एक शनिवार शालिमारच्या घर-सल्ला केंद्रातल्या मॅडमकडे जाऊन ये.

ते केंद्र शालिमारजवळच्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. एक छोटी संस्था ते चालवते. दर शनिवारी दुपारी २ ते ६, फक्त १२ टोकन. नाव मी लिहीत नाही, कारण तशी विनंती मॅडमनीच केली. सल्ला द्यायला माणसं दोनच, आणि वाचून आलेल्या लोकांना परत पाठवणं त्यांच्या जिवावर येतं. फी काही नाही.

मॅडम बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेल्या. मला वाटलं फ्लॅटचे कागद बघतील. त्यांनी ते बाजूला ठेवले आणि बायकोला विचारलं, "ताई, महिन्याचा किराणा किती लागतो?" मग एका कागदावर आमचा सगळा संसार उतरला. किराणा, गॅस, दूध ११ हजार. मुलांची फी आणि रिक्षा साडेसहा हजार. आईची औषधं २,२००. एलआयसी १,८००. पेट्रोल, मोबाइल, वीजबिल ४ हजार. भिशी ३ हजार. भिशीचं मी सांगितलंच नव्हतं, ते बायको बोलली. बेरीज २८,५००. म्हणजे घरावर खर्चायला उरतात १७,५००. आणि ३२ लाखांचा हप्ता, साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी, २७,७७० रुपये.

मॅडम काहीच बोलल्या नाहीत. कागद आमच्याकडे फिरवून ठेवला. १४ वर्षं मी मायक्रॉनमध्ये मापं घेतोय, आणि स्वतःच्या घराचं हे एवढं माप कधी घेतलं नव्हतं. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडमनी चहा मागवला, घाई केली नाही. टोकनवाले बाहेर बसले होते तरी आमच्यासाठी पाऊण तास दिला. मला त्यांचं हे सगळ्यात जास्त भावलं.

मग फ्लॅटचे कागद घेतले. आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे १ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेल्या योजनेत, व्याज सबसिडीसाठी घराची किंमत ३५ लाखांच्या आत आणि कर्ज २५ लाखांच्या आत लागतं. आमचा फ्लॅट दोन्हीत बसत नव्हता. सबसिडीची गोष्ट तिथेच संपली. दुसरं, घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठी असलेल्या रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. ३८ लाखांचे १० टक्के ३ लाख ८० हजार, आणि आमच्याकडे मागितले होते ५ लाख. तिसरं, कोटेशनमध्ये जीएसटी ५ टक्के लावला होता. नाशिक जीएसटीच्या महानगरांच्या यादीत नाही. इथे ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंत (म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा) आणि ४५ लाखांपर्यंतचं बांधकाम चालू असलेलं घर परवडणाऱ्या घरात धरतात, त्याला १ टक्का. आमचा कार्पेट ५८ चौरस मीटर. फरक १ लाख ५२ हजारांचा. माझ्या पगाराच्या साडेचार महिन्यांचा.

केंद्रात सगळंच चोख आहे असं म्हणणार नाही. मॅडम आमच्याकडे वळण्याआधी तिथल्या तरुण सल्लागाराने आम्हाला २ लाख ६७ हजारांची सबसिडी सांगितली होती. ती जुन्या योजनेतली, आमच्या उत्पन्न गटासाठी ३१ मार्च २०२२ लाच बंद झालेली. मॅडमनी लगेच दुरुस्त केलं: आता ८ लाखांपर्यंतच्या कर्जावर ४ टक्के, पाच वार्षिक हप्त्यांत मिळून जास्तीत जास्त १ लाख ८० हजार. मुलगा मनापासून काम करणारा आहे. समाजकार्याचं शिक्षण झालंय, लोकांशी नीट बोलतो. पण नियम बदलले की त्याला ते शिकवणार कोण? मॅडम रविवारी घरी बसवून शिकवतात, तेवढंच. त्या दिवशी मॅडम नसत्या तर मी चुकीचा आकडा धरून घरी गेलो असतो.

मी न राहवून विचारलं, तुमचा खर्च कोण करतं? मॅडमना पेन्शन आहे, त्या काही घेत नाहीत. मुलाला ९ हजार मानधन, तेही देणग्या आल्या तर. त्याच्या आधीची मुलगी दोन वर्षं इथे तयार झाली आणि दुप्पट पगारावर एका बिल्डरच्या सेल्स ऑफिसात गेली. तिला दोष देता येत नाही.

मॅडमनी कपाटातून एक फाइल काढून दाखवली. अमेरिकेत गृहसल्ला देणाऱ्या संस्थांना केंद्र सरकार अनुदान देतं. त्याचा आधार १९६८ च्या गृहनिर्माण कायद्याचं कलम १०६. सल्लागार तयार करणाऱ्या संस्थांना प्रशिक्षणाचं अनुदान वेगळं. बँका आणि कर्जव्यवहारांवर नियम घालणाऱ्या २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यानंतर तिथे परीक्षा आली, आणि १ ऑगस्ट २०२१ पासून सरकारी कार्यक्रमाखाली सल्ला देणाऱ्याला ती पास झाल्याशिवाय बसता येत नाही. विषय सहा: पैशांचं नियोजन, घराची देखभाल, मालक आणि भाडेकरूच्या जबाबदाऱ्या, घर देताना भेदभाव न करण्याचे कायदे, परवडणारं घर, आणि हप्ता किंवा भाडं थकलं तर घर कसं वाचवायचं. शेवटच्या विषयावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "दादा, बँकेत असताना माझ्याकडे लोक यायचे ते जप्तीची नोटीस हातात घेऊन. मला ते दोन वर्षं आधी भेटायला हवे होते."

आपल्याकडे महारेराने, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाने, एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, चांगलंच झालं. पण एजंटाचं पोट कमिशनवर आहे. "हे घर घेऊ नका" असं सांगून ज्याचं काही बुडत नाही, असा शिकलेला माणूस गिऱ्हाइकाच्या बाजूने बसायला हवा, आणि त्याचा पगार सरकारने द्यायला हवा. एका घरामागे लाखालाखाचं अनुदान देता येतं, तर महापालिकेच्या विभागीय कार्यालयागणिक एका सल्लागाराचं मानधन देणं काही अवघड नाही. सिडको, सातपूर, पंचवटी, नाशिकरोड, कुठेही बसवा. माझ्या लाइनवरच्या निम्म्या पोरांना त्याची गरज आहे.

दुसऱ्या शनिवारी निफाड तालुक्यातल्या आमच्या गावच्या घराचा नमुना ८, म्हणजे ग्रामपंचायतीचा घराचा उतारा, नेला. वडील गेल्यावर आम्हा तिघा भावांची नावं त्याला लागली आहेत. कुटुंबात कोणाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर असेल तर सबसिडी नाही, ही अट. उताऱ्यावर भिंती मातीच्या आणि वर पत्रा असं लिहिलंय. "लपवू नका, अर्जासोबत हाच उतारा जोडा," असं मॅडमनी बजावलं.

त्रास सांगायचा तर जिना. आईला घेऊन गेलो होतो, तिला पहिल्या मजल्यावरच बसावं लागलं. झेरॉक्सची सोय आत नाही, दोनदा खाली उतरलो. टोकनसाठी सव्वाबाराला जाऊन उभं राहावं लागतं, म्हणजे पहिली शिफ्ट असेल तर रजा आलीच. जाताना पगाराच्या तीन महिन्यांच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, कोटेशन आणि घरखर्चाचा खरा हिशोब न्या. आणि बायकोला घेऊन जा, एकटे जाऊ नका.

आता आम्ही जेलरोडला २४ लाखांचा जुना वन बीएचके बघतोय. १८ लाख कर्ज, हप्ता १५,६२१. घर एकट्या बायकोच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत, म्हणजे २४ हजार वाचतात. विसार अजून दिलेला नाही. सर्च रिपोर्ट (मालकी हक्क तपासल्याचा अहवाल) आणि सोसायटीचं ना-हरकत पत्र हातात आल्यावर तिसरं टोकन घेणार आहे. यावेळी उताऱ्याच्या दोन प्रती घरूनच काढून नेईन.