जुन्या बुलेटला गॅसचे शॉकअप: सात-आठ महिन्यांनंतर

गाडी बुलेट 350, 1984 ची, जुन्या कास्ट आयर्न (बिडाच्या) इंजिनाची. मागचे ओरिजिनल शॉकअप गळायला लागले म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर गॅसचे (आत तेलासोबत गॅस भरलेले) नवीन टाकले. दिसायला मस्त, फिटिंगला काही अडचण नाही.

पण पहिला महिना पैसे पाण्यात गेल्यासारखं वाटत होतं. सरळ रस्त्याला ठीक, वाईवरून पसरणी घाट चढायला लागलं की वळणावर बारीकसा खड्डा लागला तरी मागचं चाक उडायचं आणि कंबरेत दणका. दुकानदार म्हणे नवीन आहेत, रुळतील. कसले रुळतायत. खाली बसून बघितलं तर दोन्ही शॉकअपच्या रिंगा (स्प्रिंग कमी-जास्त दाबून ठेवायच्या खाचांच्या कड्या) सगळ्यात वरच्या खाचेवर. गॅरेजवाले सर्रास असंच करून देतात, गाडी मागून उचललेली दिसते आणि गिऱ्हाईक खूश.

रिंग फिरवली की स्प्रिंग कडक होते असं सगळे म्हणतात, तसं नसतं. स्प्रिंग तीच असते, फक्त आधीपासून जरा दाबून ठेवली जाते, म्हणून आपण बसल्यावर गाडी कमी दबते. आणि गाडी दबलीच नाही तर खड्डा आल्यावर चाकाला खाली उतरायला जागाच नसते, ते रस्ता सोडून हवेतच राहतं. घाटात नेमकं हेच होत होतं.

मग माप घेतलं. गाडी मेन स्टँडवर, मागचं चाक अधांतरी, एक्सलच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डला चिकटपट्टी लावली आणि अंतर मोजलं. मग स्टँड काढून दोन्ही पाय वर घेऊन बसलो, भावाने हँडल धरलं आणि मुलाने परत टेप लावला. फरक फक्त 8 मिमी! मागचं चाक एकूण 80 मिमीच्या आसपास वर-खाली होतं, त्याचा पाव ते तिसरा हिस्सा तरी माणूस बसल्यावर दबायला हवा, म्हणजे 20 ते 27. रिंगा खाली आणत आणत 24 वर आलो आणि गाडी बदललीच, त्याच घाटात चाक रस्त्याला चिकटून चालायला लागलं. बायको मागे असली की दोन खाचा वर.

इथपर्यंत मी पाचपैकी पाच दिले असते. पण पावसाळा संपल्यावर डबल सीट निघायचं म्हणून पाना लावला तर डावी रिंग फिरली, उजवी जाम. खाचेत चिखल आणि गंज. दोन्ही बाजू वेगवेगळ्या खाचेवर ठेवून चालवायची नाही, चिमट्याला (मागचं चाक धरून वर-खाली हलणाऱ्या सांगाड्याला) पीळ बसतो, त्यामुळे डावीही परत खाली आणावी लागली. दुकानात गेलो तर वॉरंटीत बसत नाही म्हणे, तुम्ही पावसात वापरली. अरे मोटारसायकल पावसात नाही चालवायची तर कुठे चालवायची? एवढे पैसे घेता आणि बॉक्समध्ये रिंग फिरवायचा साधा सी-पाना (सी आकाराचा आकडीचा पाना) देत नाही, लोक छिन्नी-हातोड्याने ठोकून खाचा खराब करतात. जुन्या शॉकअपला वरून पत्र्याचं कव्हर होतं, स्प्रिंगवर चिखल उडायचा प्रश्नच नव्हता. ही स्प्रिंग उघडी ठेवायची फॅशन आपल्या रस्त्यांसाठी नाहीच.

शेवटी गंज सुटायचं तेल मारून रात्रभर ठेवलं, सकाळी तारेच्या ब्रशने साफ केलं आणि फिरली. आता महिन्यातून एकदा रिंगा धुऊन ग्रीस लावतो आणि नुसत्या एक खाच पुढे-मागे करून ठेवतो, तेव्हापासून त्रास नाही. शॉकअप म्हणून माल चांगलाच आहे, राग आहे तो रिंगेवर.

शॉकअप बदलले की चेन नक्की बघा. एक्सल, चिमट्याचा पिन (ज्यावर चिमटा फिरतो) आणि पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एका रेषेत येतं तेव्हा चेन सगळ्यात ताणलेली असते, तिथेही थोडा ढिलेपणा राहिला पाहिजे. आणि पैसे घालवायच्या आधी गाडी मेन स्टँडवर लावून मागचं चाक आडवं हलवा. चिमट्यात खट् खट् लागलं तर बुश (पिनाभोवतीच्या नळ्या) झिजलेत, नवीन शॉकअपने ती गाडी सुधारणार नाही.

जुने शॉकअप दुकानदार एक्स्चेंजमध्ये मागत होता, दिले नाहीत. त्यांचे सील आणि तेल बदलून घेणार आहे, पत्र्याच्या कव्हरसकट.