मिस मार्पल बघायची तर जोन हिक्सनचीच!

बीबीसीची ही जुनी सिरीज १९८४ ते १९९२ मधली, अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलच्या (खेड्यात राहून खुनांची कोडी सोडवणारी म्हातारी) १२ च्या १२ कादंबऱ्या ह्यात आहेत आणि सगळीकडे मार्पल एकच, जोन हिक्सन. सुरू झाली तेव्हा बाईंचं वय ७८! ख्रिस्तीने चाळीसच्या दशकात त्यांचं नाटकातलं काम बघून स्वतः पत्र लिहिलं होतं की कधीतरी तुम्ही माझी मिस मार्पल करा, म्हणजे पावती थेट लेखिकेचीच.

मार्गारेट रदरफर्डचे साठच्या दशकातले सिनेमे मजेशीर आहेत पण तिथली मार्पल धावपळ करते, घोड्यावर बसते. हिक्सनची मार्पल कोपऱ्यात विणत बसते, चहा पिते, आणि लोक तिच्यासमोर बिनधास्त सगळं बोलून जातात कारण म्हातारीकडे लक्ष कोण देतंय. पण डोळे बघा तिचे, एक शब्द सुटत नाही!

सुरुवात 'अ मर्डर इज अनाउन्स्ड'पासून करा. पेपरात जाहिरात येते की शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला अमुक घरी खून होणार आहे, आणि शेजारीपाजारी काहीतरी खेळ असेल समजून हजर. पण मला भिडते ती पार्श्वभूमी, महायुद्ध संपलंय पण रेशनिंग चालूच, लोणी-अंडी लपूनछपून इकडून तिकडे जातायत, कोळशाची एवढी टंचाई की कुणी घरात हीटिंग लावलं तरी आलेल्यांच्या लगेच लक्षात येतं. आणि गावात कितीतरी लोक बाहेरून आलेले. पूर्वी नवीन माणूस कुणाच्या तरी ओळखीने यायचा, आता तो स्वतःबद्दल सांगेल तेच खरं धरायचं. मार्पल नेमकं ह्यावर बोट ठेवते, म्हणून खून कोणी केला ह्याच्याइतकाच शेजारी राहतो तो नक्की कोण हा प्रश्न छळत राहतो. आणि तिची पद्धत तरी काय, कुणीही भेटलं की तिला तिच्या गावातलं, सेंट मेरी मीडमधलं, कुणीतरी आठवतं, बस. आयुष्यभर माणसं नीट बघितलीत तिने. सिरीजमधल्या दुसऱ्या काही कथांत पोलिसातला इन्स्पेक्टर स्लॅक तिच्यावर चिडतो पण शेवटी ऐकावं लागतंच, डेव्हिड होरोविचने झकास केलाय.

वेग संथ आहे, काही कथा तीन-तीन भागांत, आणि 'नेमेसिस'मध्ये केलेले बदल मला नाही पटले. माझ्याकडून ५ पैकी साडेचार. बघताना मोबाईल मात्र लांब ठेवा, 'द बॉडी इन द लायब्ररी'मध्ये खून झालेल्या मुलीची नखं आणि कपडे आपल्याला आधीच दाखवलेले असतात आणि आपण तिकडे बघतच नाही.