कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन: स्वतः बांधलेल्या विमानातला काही महिन्यांचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो: परत कार्ब्युरेटरवर जाणार नाही. मात्र फ्युएल इंजेक्शन (इंधन प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी फवारणारी सिस्टिम) घेतलं एका कारणासाठी आणि आवडलं भलत्याच कारणासाठी. घेतलं ते कार्ब्युरेटरमध्ये धरणाऱ्या बर्फाच्या धास्तीने. व्हेंचुरीत (कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात) तापमान इतकं झपकन उतरतं की बाहेर २० अंश असलं तरी दमट हवेत बर्फ धरू शकतो. ती धास्ती संपली. (एअर फिल्टर बर्फाने बुजू शकतो, तेव्हा आल्टरनेट एअरचं, म्हणजे फिल्टर टाळून हवा आत घेणारं, झाकण लागतंच. ते गाळू नका.) खरी मजा आहे ती प्रत्येक सिलिंडरला किती इंधन जातंय हे कळण्यात, आणि ते हाताने बदलता येण्यात.

इंजिन लायकॉमिंगचं, १८० अश्वशक्तीचं, चार सिलिंडरचं. सिस्टिम बेंडिक्स पद्धतीची, पूर्ण मेकॅनिकल. इंधन मापणाऱ्या भागाला सर्वो म्हणतात; त्याच्या पोटात दोन डायफ्रॅम (लवचिक पडदे) असतात. एकावर हवेच्या दाबातला फरक, दुसऱ्यावर इंधनाच्या दाबातला फरक, आणि दोघांची रस्सीखेच एका बारक्या बॉल व्हॉल्व्हवर. हवा वाढली की व्हॉल्व्ह जास्त उघडतो. असं मापून सोडलेलं इंधन इंजिनाच्या माथ्यावरच्या फ्लो डिव्हायडरकडे (इंधन चार वाटांत वाटणाऱ्या भागाकडे) जातं आणि तिथून चार बारीक स्टीलच्या नळ्यांतून इनटेक व्हॉल्व्हच्या जरा अलीकडे फवारलं जातं. फवारा अखंड चालू असतो, गाडीतल्या इंजेक्टरसारखी उघडझाप नाही. इंजिन सुरू झालं की विजेचा संबंध संपला.

आता मजेचा भाग. समतल उड्डाणात पॉवर ६५ टक्क्यांच्या आसपास ठेवायची, थ्रॉटलला हात लावायचा नाही, आणि मिक्श्चर सावकाश लीन करत (हवेच्या मानाने इंधन कमी करत) जायचं. प्रत्येक सिलिंडरचा ईजीटी (एक्झॉस्टचं तापमान) चढतो, शिखर गाठतो आणि उतरतो. शिखर कुठल्या फ्युएल फ्लोला आलं ते लिहून ठेवायचं. पहिल्या आणि शेवटच्या सिलिंडरमधलं अंतर ताशी अर्ध्या गॅलनच्या, म्हणजे साधारण १.९ लिटरच्या आत असेल तर छान. माझ्याकडे सुरुवातीला ते बरंच जास्त होतं. तीन नंबरचा सिलिंडर सगळ्यांच्या आधी शिखर गाठायचा, म्हणजे तोच सगळ्यात लीन. नॉझलमधल्या रिस्ट्रिक्टरचं (किती इंधन जायचं ते ठरवणाऱ्या तुकड्याचं) नेहमीचं भोक ०.०२८ इंचाचं असतं. तिथे ०.०२८५ चा टाकला. अर्ध्या हजारांश इंचाने काय होणार, असं कुणालाही वाटेल. पण त्यानंतर लीन ऑफ पीक, म्हणजे ईजीटीच्या शिखराहूनही लीन, चालवताना जी थरथर जाणवायची ती गेली, आणि कार्ब्युरेटरवर ज्या मिक्श्चरला इंजिन कुरकुरायचं त्याच्याही खाली ते आता निवांत चालतं. इंधनाची बचत होते ती इथे. नुसतं इंजेक्शन बसवून काही वाचत नाही.

नॉझल बुजण्याबद्दल एक गोष्ट माहीत असलेली बरी. जुन्या पद्धतीचा फ्युएल फ्लो मीटर मुळात फ्लो डिव्हायडरवरचा दाब मोजतो. नॉझल बुजलं की दाब वाढतो, म्हणून मीटर जास्त फ्लो दाखवतो, आणि इकडे तो सिलिंडर उपाशी असतो. टर्बाइनचा सेन्सर (इंधनाच्या धारेने फिरणाऱ्या चक्रावरून फ्लो मोजणारा) हा गोंधळ करत नाही. शंका आली तर नॉझल हेडमधून काढून नळ्यांसकट चार सारख्या बाटल्यांत सोडायचे, मिक्श्चर आणि थ्रॉटल पूर्ण पुढे, थोडा वेळ बूस्ट पंप (विजेवरचा इंधन पंप) चालवायचा आणि बाटल्या शेजारी शेजारी ठेवून पाहायच्या. फरक डोळ्यांना दिसतो. हे उघड्यावर, आगीची पूर्ण काळजी घेऊन. नॉझलच्या बुडाशी ॲव्हगॅसचा (विमानाच्या पेट्रोलचा) निळा डाग दिसला तरी तिथे काहीतरी बिघडलंय असं समजायचं.

आता तक्रार. गरम इंजिन सुरू करणं हा खरोखर वैताग आहे. उतरून इंधन भरलं, अर्धा-पाऊण तास गप्पा झाल्या, की माथ्यावरच्या नळ्यांतलं इंधन उकळून वाफ झालेली असते. उपाय सगळ्यांना पाठ आहे: मिक्श्चर आयडल कटऑफला (इंधन बंद), थ्रॉटल किंचित उघडा, स्टार्टर मारा, पेटलं की मिक्श्चर पुढे. जमतं, पण दोन्ही हात कामाला लागतात आणि बॅटरी दमदार हवी. पर्ज व्हॉल्व्ह असलेली सिस्टिम घेतली तर गरम इंधन आधीच टाकीकडे परत पाठवता येतं. नव्याने बांधणाऱ्याने ती जरूर पाहावी.

किटची किंमत बघून निर्णय घेणाऱ्यांना सांगेन, अर्धं काम फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिटमधल्या भिंतीच्या) मागे आहे. कार्ब्युरेटरला इंधनाचा दाब जेमतेम काही पीएसआय (दाबाचं एकक) पुरतो, इथे किमान १४ लागतात. म्हणजे दोन्ही पंप नवे, होज नवे, फिल्टर नवा. बूस्ट पंप टाकीच्या जितका जवळ आणि खाली तितका चांगला. इंधन ढकलायचं, ओढायचं नाही. ओढलं की वाफ धरते. इंजिनावरच्या पंपाला थंड हवेची नळी दिली तर उन्हातला फ्युएल प्रेशरचा काटा नाचायचा थांबतो.

इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन का नाही, हे सगळे विचारतात. एका मित्राच्या विमानात आहे. गरम इंजिन पहिल्या फटक्यात सुरू होतं, कारण इंधन सतत फिरून टाकीत परत जातं. हेवा वाटतो. पण ते इंधन ज्या टाकीतून निघालं त्याच टाकीत परत गेलं पाहिजे, नाहीतर दुसरी टाकी भरून व्हेंटमधून वाहू लागते. म्हणून सिलेक्टर (टाकी निवडायचा कॉक) दुहेरी लागतो. शिवाय वीज गेली की पंप गेला आणि इंजिनही गेलं. रोटॅक्सने २०१२ मध्ये ९१२ आयएस हे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचं इंजिन आणलं तेव्हा ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) दोन लेन (स्वतंत्र शाखा) आणि इंजिनातच दोन जनरेटर दिले, ते उगाच नाही. स्वतः वायरिंग करणाऱ्याने तेवढी तयारी ठेवली तर खुशाल घ्यावं. माझ्या विमानात एकच आल्टरनेटर आहे, आणि दुसरा बसवायला जागा नाही.