एक बाजू क्लीटची, एक बाजू रोजच्या बुटाची: पायडल कोणतं घ्यावं?

सोमवार ते शनिवार वाळूजला ड्युटी, पायात कंपनीचे सेफ्टी शूज. रविवारी पहाटे दौलताबादचा घाट चढून वेरूळ, पायात क्लीटचे बूट, म्हणजे तळाला पायडलमध्ये अडकणारी छोटी पट्टी असलेले. सायकल मात्र एकच. दर शनिवारी रात्री पायडल बदलायची हौस दोन-तीन आठवडे टिकते. मग एकदा झोपेच्या तंद्रीत डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे विसरून आपण ते सोडवायच्या नादात अजून आवळून ठेवतो, आणि दोन्ही बुटांना चालेल असं काही मिळतं का, याची शोधाशोध सुरू होते.

मिळतं. पण आधी बुटाचा तळ पाहा. ही दुहेरी पायडलं जवळपास सगळी एसपीडीची, म्हणजे दोन बोल्टच्या क्लीटची. शिमानोनं १९९० साली ही पद्धत आणली ती माउंटन बाइकसाठी. क्लीट छोटी, धातूची आणि तळाच्या खाचेत दडलेली, त्यामुळे माणूस माणसासारखा चालतो. रोड सायकलच्या तीन बोल्टवाल्या बुटात टपरीच्या फरशीवर बदकासारखं जावं लागतं, आणि ती क्लीट या पायडलांत बसतही नाही. तुमच्याकडे तसे बूट असतील तर पायडलच्या खर्चात नव्या बुटांचाही खर्च धरा.

आता मॉडेलं. शिमानोचीच तीन घेतो, कारण मित्रमंडळींत विचारणा यांचीच होते. एम३२४ हे जुनं, दणकट. एका बाजूला एसपीडी, दुसरीकडे दातेरी कडांचा सांगाडा. जोडीचं वजन ५३३ ग्रॅम. ईएच५०० भरतं ३८३. मधले दीडशे ग्रॅम म्हणजे बाटलीतले चार घोट पाणी, त्यासाठी घाटात कुणी मागं पडत नाही. खरा फरक पकडीत आहे. ईएच५००च्या सपाट बाजूला बारीक पिना आहेत. सेफ्टी शूजच्या जाड रबरी तळात त्या रुततात आणि खड्ड्यातून गेलं तरी पाय हलत नाही. एम३२४वर पावसात, गुळगुळीत तळाचा बूट असेल तर, पाय सरकतो. पण पिनांचंही एक आहे: सायकल हातानं ढकलताना पायडल फिरून नडगीवर आलं की सालटं निघतं, आणि चामडी फॉर्मल बुटांचा तळ त्या कुरतडतात. बँकेत किंवा शाळेत जाणाऱ्यानं म्हणून एम३२४ला लगेच नाही म्हणू नये.

तिसरं टी८०००. दर्जा वरचा, किंमतही वरची, आणि वजन ३९२, म्हणजे जास्त पैसे देऊन ९ ग्रॅम जड! त्यात रिफ्लेक्टर अंगचेच आहेत. २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची फेरी, १३ तास ३० मिनिटांत संपवायची असते. ३००, ४००ला गेलात की रात्र रस्त्यावरच काढायची, तेव्हा मागच्या ट्रकवाल्याला वरखाली होणारे ते दोन ठिपके दिसलेले बरे. तसं काही करणार नसाल तर मी तरी ते घेणार नाही.

या तिघांचा दोष एकच, आणि दुकानात तो कळत नाही. वर कोणती बाजू येईल ते पायडल ठरवतं. क्रांती चौकात सिग्नल सुटला, मागून रिक्षावाला हॉर्न ठोकतोय, आणि आपण बुटाच्या टोकानं पायडल उलटं करतोय. क्लीट सपाट बाजूवर घासत जाते, पायडल पुन्हा गरकन फिरतं. महिन्याभरात पायाला सवय होते, पण नजर खाली जायची ती जातेच. दोन्ही बाजूंना एसपीडी असलेल्या एम५२०मध्ये ही कटकट नाही, वजनही ३८० ग्रॅमच. कंपनीत लॉकर असेल तर एसपीडीच्या बुटांत जाऊन तिथं सेफ्टी शूज चढवणं हा सरळ मार्ग आहे. फक्त मग चपलेवर दूध आणायला निघालात की पायाखाली तो अक्रोडाएवढा लोखंडी गोळा टोचणार.

सपाट बाजूची किंमत मला दौलताबादला कळली. घाटाच्या रस्त्यावरच्या जुन्या दरवाजातून समोरून जीप घुसली, माझ्या पुढची गाडी थांबली, मी थांबलो, आणि पाय अडकलेलेच. उभ्याउभ्या सायकलसकट आडवा, थेट सीताफळाच्या पाट्यांशेजारी. विकणाऱ्या मावशी आधी हसल्या, मग उठवायला आल्या. आता दरवाजा दिसला की उजवं पायडल उलटं करून पाय सपाट बाजूवर ठेवतो.

दुसरा प्रसंग पावसाळ्यातला. आपली काळी माती ओली झाली की क्लीटच्या खाचेत अशी गच्च बसते की काडीनं उकरल्याशिवाय ती पायडलमध्ये अडकल्याचा ‘टक’ आवाज येत नाही. अशा वेळी एम५२०वाला बाभळीखाली उभा राहून उकरत बसतो. दुहेरीवाला सपाट बाजूनं घरी पोचतो. आठवड्यातले पाच-सहा दिवस साधे बूट आणि शेतरस्त्यांचा नाद असेल तर ईएच५०० घ्या. फेऱ्या बहुतेक क्लीटवरच होत असतील तर एम५२०.

बसवताना आट्यांना ग्रीस लावा, नाहीतर वर्षभरानं पायडल निघता निघत नाही. एसपीडीच्या बाजूला ३ मिमीच्या ॲलन कीचा स्क्रू असतो. त्यानं क्लीट धरून ठेवणारी स्प्रिंग आधी पार ढिली करून ठेवा. क्लीट एसएच५६ घेतली तर टाच बाहेर वळवण्यासोबत पाय वर तिरका ओढला तरी सुटतो, एसएच५१ला टाच वळवावीच लागते. नवख्यानं ५६च घ्यावी. आणि पहिला आठवडा रस्त्यावर नको: घराच्या भिंतीला हात टेकून एकेका पायानं अडकवा-सोडवा, टाच आपोआप बाहेर वळायला लागेपर्यंत.